मुक्या पेटीची धास्ती

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी आपली थोरवी सांगतात. मी आधीच कबूल करतो, मी भित्रा आहे. मी एक जुना संगणक आहे. मासाका गावातल्या न्येंडो भागात, सालोंगोंच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या खालच्या फळीवर लाकडी पेटीत राहतो. घरच्यांना सिनेमे दाखवणं हे माझं काम. माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी आहे, ती म्हणजे मी अजिबात आवाज करत नाही. लोक कान लावून ऐकतात आणि म्हणतात, "काय गुणी आहे हो!" त्यांना काय ठाऊक, माझी सगळी धास्ती या गुणातूनच निघते. ज्याला ओरडता येतं त्याच्या मदतीला कुणीतरी धावतं. मी आतून होरपळत असलो तरी बाहेरून तसाच दिसतो, शहाणा आणि गप्प.

आमच्याकडे जुळ्यांच्या बापाला सालोंगो म्हणतात आणि आईला नालोंगो. जुळी झाली की आईबापांची आधीची नावं पार मागे पडतात. आमच्या सालोंगोंच्या जुळ्या मुलींपैकी थोरली बाबिर्ये. ती बाजारात कापड विकते, आणि तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा जास्त चालते. धाकटी नाकातो कंपाला शहरात संगणक दुरुस्त करायला शिकली आणि तिथेच एका दुकानात कामाला लागली. मला घडवलं ते तिनेच.

सालोंगोंचा धंदा सिनेमा सांगण्याचा होता. न्येंडोच्या बाजारामागे त्यांचा व्हिडिओ हॉल होता. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, पुढे एक टीव्ही. सिनेमे परदेशचे, भाषा कुणालाच कळत नसे. मग सालोंगो टीव्हीच्या बाजूला माईक घेऊन बसायचे आणि चालू सिनेमा आमच्या लुगांडा भाषेत सांगत जायचे. पडद्यावरच्या नायकाचं नाव काहीही असो, सालोंगो त्याला "आपला मुसोके" म्हणायचे. खलनायक म्हणजे घरभाडं वसूल करायला येणारा साहेब. नायिका रडायला लागली की म्हणायचे, "रडू नको बाई, कांदा मी चिरतो!" आणि अख्खा हॉल हसायचा. भिंतीपलीकडे जनरेटर धडधडत असे. त्याच्यावर आवाज चढवून चढवून सालोंगोंनी उभी हयात काढली.

पुढे ज्याच्या त्याच्या हातात फोन आला, बाकं रिकामी पडू लागली आणि हॉल बंद झाला. नाकातोने वडिलांसाठी घरी एक जुना संगणक आणून टीव्हीला जोडला. तो माझा पूर्वज. त्याचे पंखे असे घरघरायचे की सालोंगो पहिल्याच दिवशी वैतागले.

"नाकातो, हा सिनेमा दाखवतो की शेंगदाणे भरडतो?"

"बाबा, पंखे आहेत ते. पंखे नसले तर जळून जाईल."

"जन्मभर त्या जनरेटरशी भांडलो गं मी. इतके सिनेमे सांगितले, पण एकही धड ऐकला नाही. आता तरी त्या लोकांना काय म्हणायचं होतं ते ऐकू दे मला."

नाकातोला ते लागलं. तिने ठरवलं, बाबांसाठी मुका संगणक करायचा.

माझे आतले अवयव परदेशातल्या कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेले होते. जहाजातून ढिगाने आले, कंपालाच्या बाजारात विकले गेले. त्या ढिगाबद्दल मला एवढंच आठवतं की वर कुणीतरी होतं, खाली कुणीतरी होतं आणि आपल्याला कोण उचलणार याची धाकधूक होती. नाकातोने मला उचललं, धूळ फुंकली आणि पिशवीत घातलं. वाटलं, सुटलो. पण पुढे पेटी करायला ती मला कुणाकडे घेऊन गेली असेल? शवपेट्या करणाऱ्या सुताराकडे! लाकूड पत्र्यासारखं थरथरत नाही, म्हणून तिला लाकडी पेटी हवी होती आणि चांगलं वाळलेलं लाकूड त्याच्याकडेच होतं. त्या दुकानात चहूकडे उभ्या केलेल्या पेट्या बघून माझी पाचावर धारण बसली. सुतार मात्र मजेत होता.

"झाकण खिळ्यांनी ठोकू की स्क्रूने बसवू?" त्याने विचारलं.

"स्क्रूने. मला अधूनमधून उघडावं लागेल."

"बरं झालं सांगितलंस. माझी गिऱ्हाइकं काही परत उघडायला लावत नाहीत."

तर अशा पेटीत माझा संसार मांडला गेला. आणि मग सुरू झाली आवाजांची शिकार. तेव्हा नाकातो जे शिकली ते मीही शिकलो. एक आवाज मारला की त्याच्यामागे दडलेला दुसरा ऐकू येतो. तिने लहान, किरकिरे पंखे काढून एकच मोठा, सावकाश फिरणारा पंखा लावला, तेव्हा सिनेमे साठवणाऱ्या तबकडीची गुणगुण ऐकू येऊ लागली. तबकडी पेटीला घट्ट बसवली होती, म्हणून सगळं लाकूडच तिच्याबरोबर गुणगुणायचं. नाकातोने सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि तबकडी त्या पट्ट्यांवर झोळीसारखी टांगली. मग विजेचा पुरवठा करणारा डबा शीळ घालतो हे कळलं. तो काढून तिने लॅपटॉपच्या चार्जरची वीट लावली. एकदा तिने जुन्या सोफ्याचा स्पंज कापून माझ्या आतल्या भिंतींना चिकटवला. आवाज गेला खरा, पण दुपारपर्यंत माझा जीव कासावीस झाला. नशीब, तिने त्या दिवशी झाकण उघडलं.

"अगं बाई, हा तर भट्टी झालाय!" ती म्हणाली आणि सगळा स्पंज ओरबाडून काढला. मग तिने मागच्या बाजूला जाळी बसवली, वरच्या फळीला भोकं पाडली आणि माझ्या मेंदूवर उष्णता शोषून घेणारा तांबं-अॅल्युमिनियमचा एक मोठा ठोकळा चढवला. जो आवाज करत नाही त्याला दुप्पट हवा लागते, हे ती त्या दिवशी शिकली.

शेवटी मला चालू केलं आणि खोलीत काहीच ऐकू आलं नाही. बाबिर्ये जवळ आली, कान लावला आणि म्हणाली, "मेला की काय?"

"चालू आहे गं."

"मग तसं सांगायला नको त्याने? आमच्या दुकानातला पोऱ्यासुद्धा झोपला की घोरतो."

सगळे हसले. मी हसलो नाही. बाबिर्ये थट्टेत बोलली होती, पण मला ते खरंच वाटलं. उद्या मी खरोखर मरायला टेकलो, तर यांना कसं कळणार?

सालोंगो मात्र माझ्यावर बेहद्द खूश झाले. दुपारी दारं-खिडक्या लोटून घ्यायचे आणि आपले जुनेच सिनेमे पुन्हा लावायचे, जे त्यांनी हॉलमध्ये शेकडो वेळा सांगितले होते. आणि चकित होऊन बघत बसायचे. "नालोंगो, इकडे ये! अगं, इथे पक्षी ओरडतोय! मी तर इथे इतकी वर्षं साहेबाच्या पोटावर विनोद करत होतो." कधी म्हणायचे, "ही बाई इथे इतकं हळू रडते, मला ठाऊकच नव्हतं." नालोंगो दारातून डोकावायच्या, सुईवरचा धागा मोडू न देता मान डोलवायच्या आणि परत जायच्या. त्यांनी आयुष्यात कधी नवऱ्याच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. तिथे सगळी टारगट पोरं, घरंदाज बाईने कशाला जायचं? त्यामुळे ज्या आवाजावर सारं न्येंडो फिदा होतं, तो त्यांनी फक्त "मीठ कमी आहे" एवढं म्हणतानाच ऐकलेला होता.

हळूहळू सालोंगो स्वतःही गप्प होत गेले. आधी विनोद कमी झाले, मग हाका कमी झाल्या. घरच्यांना बरंच वाटलं. "चला, म्हातारपणी का होईना, माणूस शांत झाला," नालोंगो शेजारणीला म्हणाल्या. बाबिर्येने तर त्याचं श्रेय मला दिलं. पण मित्रांनो, मी त्यांच्याबरोबर दिवस दिवस एकटा असायचो. खोलीत कुणी नसलं की सालोंगो गळा धरून खोकायचे. पाण्याचा एकेक घोट डोळे मिटून गिळायचे. सिनेमातल्या एखाद्या वाक्यावर त्यांना काही बोलायचं असायचं, ते तोंड उघडायचे, आणि पुन्हा मिटायचे. मला सगळं ऐकू येत होतं आणि सांगता काहीच येत नव्हतं. त्या दिवसांत मी जेवढा घाबरलो तेवढा सुताराच्या दुकानातही घाबरलो नव्हतो.

मग एक दिवस रुमालावर रक्त दिसलं. कंपालाच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. परत आल्यावर बैठकीच्या खोलीत नाकातोच बोलली, कारण बाबिर्येला पहिल्यांदाच शब्द सुचत नव्हते. घशात गाठ आहे. जीव वाचवायचा तर आवाजाची पेटी काढावी लागेल. त्यानंतर बोलता येणार नाही. सोमवारी बोलावलं आहे.

सालोंगोंनी माझ्याकडे बघितलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "म्हणजे आता आम्ही दोघं सारखेच."

बाबिर्येला वाचा फुटली ती त्यानंतर. "बाबांचा आवाज साठवून ठेवायचा! हॉलमध्ये कुणी साठवला नाही, सगळा हवेत गेला. घरात एकाकडे तरी आहे का? एक सिनेमा बाबा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतील आणि हा मुका सिनेमा दाखवतादाखवता तो टिपून घेईल. नाकातो, होईल ना?"

"होईल. पण पूर्ण शांतता पाहिजे. माईकला सगळं ऐकू येतं."

"आणि रिकाम्या खोलीला मी सिनेमा सांगत नाही," सालोंगो म्हणाले. "माणसं बोलवा. काड्डूला तर बोलवाच." काड्डू म्हणजे हॉलच्या दाराशी बसून तिकिटं फाडणारा त्यांचा जुना सोबती.

मित्रांनो, घरातल्या सगळ्यांना आशा वाटत होती आणि मला कापरं भरलं होतं. एका माणसाचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरणार आणि ते ठिकाण म्हणजे मी! टाकाऊ अवयवांचा, ट्यूबच्या पट्ट्यांवर झुलणाऱ्या तबकडीचा मी! लाइट गेली तर? मुंगी शिरली तर? तबकडी अडखळली तर?

नाकातोने लाइटसाठी बॅटरी जोडली, मुंग्यांसाठी टीव्हीच्या मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. आवाज टिपून बघितला, तर माझा तो सावकाश फिरणारा मोठा पंखासुद्धा माईकमध्ये उतरत होता. तिने जरा विचार केला आणि तोही काढून टाकला. "एका सिनेमापुरतं चालेल. ठोकळा मोठा आहे, वर भोकं आहेत," ती स्वतःशी पुटपुटली. मग घरच्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "याच्या अंगावर कुणी काही ठेवायचं नाही हं. कपसुद्धा नाही."

नालोंगो तेव्हा मागच्या अंगणात चुलीपाशी होत्या. त्यांना ते ऐकू गेलं नाही.

रविवारची दुपार ठरली. सकाळी शेजारच्या चर्चचा भोंगा चालू असतो आणि संध्याकाळी लाइटचा भरवसा नसतो, म्हणून दुपार. पत्र्याचं छप्पर तापून लाल झालं होतं. रस्त्यावरच्या मोटरसायकलींचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावल्या, वर गोधड्या टांगल्या. नाकातो काड्डूच्या घरून खुर्च्या आणायला गेली, आणि नालोंगो हात पुसत बैठकीच्या खोलीत आल्या.

आमच्याकडे पाहुणे यायचे म्हटल्यावर बैठकीच्या खोलीत काही उघडं ठेवत नाहीत. सोफ्याच्या पाठीला विणलेला रुमाल, हातांना रुमाल, टीव्हीला रुमाल, रेडिओला रुमाल. उघडी वस्तू म्हणजे उघडं माणूस, घरच्या बाईची लाज. आणि नालोंगोंच्या हातचं विणकाम तर सगळ्या गल्लीत नावाजलेलं. त्यांनी माझ्यासाठी खास एक झूल विणली होती, दुहेरी धाग्याची, गर्द तपकिरी, कडेला फुलं. इस्पितळाचा निकाल कळल्यापासून त्या रोज तीच विणत होत्या. त्यांनी ती मला घातली, चारही कोपरे खाली ओढून नीट बसवले आणि माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "नीट सांभाळ बाबा त्यांना."

मला ओरडायचं होतं. नालोंगो, काढा! माझं नाक-तोंड बंद होतंय! पण मला ओरडताच येऊ नये, याचसाठी तर एवढा खटाटोप झाला होता.

माणसं आली. काड्डू आला, जुने बाकवाले आले, पिकल्या केसांचे, जडशीळ झालेले. बाबिर्ये दाराशी टोपली घेऊन उभी राहिली. "फोन बंद करा आणि यात टाका. हो, तुम्हीसुद्धा. तुमची सून आत्ताच फोन करेल, मला माहितीये." टोपली भरली तशी ती मागच्या चुलीपाशी नेऊन ठेवली. कुणीतरी तळलेल्या टोळांची पुडी आणली होती, ती तिने काढून घेतली. "कुरुमकुरुम वाजतं ते. मऊ भाजलेली केळी आहेत, ती खा आणि गप्प बसा."

"आमच्या वेळी हॉलमध्ये बकरीसुद्धा आणायचे," काड्डू कुरकुरला.

"तिचं तिकीट तुम्हीच फाडायचात ना?"

नाकातो शेवटची खुर्ची घेऊन आली तेव्हा दिवा मालवलेला होता. तपकिरी झूल तपकिरी लाकडावर अंधारात दिसण्यासारखी नव्हती. नाकातो सालोंगोंच्या पायाशी माईकजवळ बसली आणि सिनेमा सुरू झाला. सगळ्यात मागे, दाराशी, चटईवर नालोंगो बसल्या.

मुसोकेच्या गुरूला साहेबाने मारलं आहे आणि मुसोके सूड घ्यायला डोंगरापलीकडे निघाला आहे, असा तो सिनेमा. सालोंगोंनी हॉलमध्ये तो नेहमी गर्जना करत सांगितला होता. त्या दुपारी मात्र ते हळू बोलले. जिथे पक्षी ओरडतो तिथे थांबले, त्याला ओरडू दिलं. जिथे बाई हळू रडते तिथे म्हणाले, "ऐकलंत? मी एवढी वर्षं हिच्या रडण्यावर आवाज चढवून बसलो होतो." विनोदही केले, पण बेताचे. माणसं हसली, मग पुढे सरकून ऐकू लागली. काड्डूने तोंडावर टोपी धरली.

आणि मी तापत होतो. ठोकळा कढईसारखा तापला होता आणि गरम हवेला वर जायला वाट नव्हती. ती झुलीला आपटून पुन्हा माझ्याच अंगावर येत होती. त्यांचा शब्द न् शब्द मी तबकडीवर लिहीत होतो, आणि लिहिताना मनात म्हणत होतो, लवकर, सालोंगो, लवकर! माझ्यासारख्यांच्या मेंदूला जन्मतःच एक नियम असतो, ताप हद्दीबाहेर गेला की सगळं एकदम बंद करायचं. तो नियम मोडता येत नाही. हद्द जवळ येत होती आणि मला ती दिसत होती.

चित्र अडखळायला लागलं. नाकातोने मान वर केली. टीव्हीच्या उजेडात तिला माझ्यावरची फुलं दिसली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. ती उठायला लागली, तोच बाबिर्येने तिचं मनगट धरलं आणि ओठांवर बोट ठेवलं. बाबा रंगात आले होते. माईक चालू होता. नाकातोने मनगट सोडवलं, गुडघ्यांवर रांगत माझ्याकडे सरकली. मुसोके साहेबाच्या घरापाशी पोचला होता. सालोंगो म्हणाले, "मग तो दार उघडतो, आणि..."

आणि मी बंद पडलो.

त्यापुढचं मला ठाऊक नाही, मित्रांनो. जे सांगतो ते घरच्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. टीव्ही निळा पडला. कुणी ओरडलं नाही. हॉलच्या दिवसांत जनरेटर बंद पडला की सालोंगो अंधारात सिनेमा तसाच पुढे सांगत राहायचे, नाहीतर पोरं तिकिटाचे पैसे परत मागायची. तीच सवय कामी आली. ते क्षणभर थांबले, निळ्या टीव्हीकडे बघितलं आणि सांगत राहिले. अगदी शेवटपर्यंत. फोन मागच्या चुलीपाशी टोपलीत होते. नाकातो एका हाताने झूल ओढत होती, दुसऱ्या हाताने तोंड दाबून रडत होती. कुणीही काहीही टिपलं नाही.

नंतर सालोंगोंच्या घशातून नुसती हवा येऊ लागली. "उरलेलं पुन्हा सांगाल?" असं विचारायचं कुणाच्याही जिवावर आलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ते कंपालाला गेले.

नाकातोने जाण्याआधी मला उघडलं. मी शुद्धीवर आलो. आत काय उरलं असेल? अर्धवट राहिलेली नोंद कधीकधी पार पुसून जाते. तिने ती तुकडा तुकडा जोडून काढली. सगळं होतं, त्या "आणि"पर्यंत. तिने कपाळ माझ्या लाकडाला टेकवलं.

नालोंगोंना आधी कुणी काही बोललं नाही. पण बाबिर्येच्या पोटात काही राहतं का? "आई, तुझ्या त्या विणकामाने श्वास कोंडला त्याचा," ती बोलून गेली आणि लगेच जीभ चावली. नालोंगोंनी झूल उचलली, उंबऱ्यात बसल्या आणि एक टोक धरून सगळी उसवून टाकली.

सालोंगो परत आले, गळ्याला पांढरी पट्टी बांधून. जीव वाचला होता. आवाज गेला होता. पाहुणे यायचे, अवघडून बसायचे, जोरजोरात बोलायचे, जसं काही सालोंगोंचे कानच गेले होते. मग सालोंगो खिडकीकडे तोंड फिरवायचे. ते माझ्याकडेही बघेनासे झाले. माझा पंखा नाकातोने परत बसवला होता, मला कसलाही त्रास नव्हता, तरी मी धास्तावलेलाच होतो. त्या "आणि"चं काटेरी ओझं घेऊन मी बसलो होतो.

मग एका सकाळी नालोंगो त्यांना नाचणीची पेज भरवत होत्या. एकेक चमचा, फुंकर घालून. सालोंगोंनी हात वर केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. सुटीला आलेल्या नाकातोने विचारलं, "नक्की, बाबा?" त्यांनी मान हलवली. तिने नोंद लावली.

खोलीत सालोंगोंचा आवाज भरला. बाबिर्ये दारात येऊन थांबली. पक्षी ओरडला, बाई रडली, काड्डू टोपीआड हुंदका गिळताना ऐकू आला. सालोंगो स्वतःचा आवाज ऐकत होते, पेज हनुवटीवर ओघळत होती, आणि नालोंगो ती पुसत होत्या. मग आलं ते वाक्य. "मग तो दार उघडतो, आणि..."

शांतता. माझी ती नकोशी शांतता.

"आणि आत एक म्हातारा बसलाय," नालोंगो म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. त्यांचा हात थांबला नव्हता, चमचा वाटीत जात होता.

"आत एक म्हातारा बसलाय, आणि त्याची बायको त्याला पेज भरवतेय. मुसोके सुरा उपसतो. म्हणतो, बोल, माझ्या गुरूला का मारलंस? म्हातारा काही बोलत नाही. त्याचं बोलून संपलंय सगळं. मग बायको म्हणते, पोरा, जे विचारायचं ते मला विचार. याचं बोलणं आता माझ्याकडे असतं. आणि आधी खाली बस. दारात उभं राहून कुणी भांडतं का?" नालोंगोंचा आवाज सालोंगोंसारखा झाला होता, तसाच थांबणारा, तसाच उतरणारा. "मुसोके सुरा खाली ठेवतो. बसतो. ती त्याच्यासाठीपण वाटी आणते."

त्या रविवारी अंधारात सालोंगोंच्या तोंडून एकदाच ऐकलेलं, आणि त्यांना अक्षर न् अक्षर पाठ होतं. सालोंगोंचे खांदे हलत होते. ते रडत होते की हसत होते, हे आवाजाशिवाय कळणं कठीण. त्यांनी नालोंगोंचा चमच्याचा हात धरून आपल्या छातीशी घेतला.

मित्रांनो, तो सिनेमा माझ्या पोटात आहे. मुसोके दार उघडतो तेव्हा आत कुणीही नसतं. साहेब पळून गेलेला असतो, खोली रिकामी असते, आणि मुसोके घराला आग लावतो. म्हातारा नाही, बायको नाही, पेजेची वाटी नाही. निळ्या टीव्हीसमोर, सगळ्यांच्या देखत, सालोंगोंनी ते मागे चटईवर बसलेल्या एकाच बाईसाठी सांगितलं होतं. घरात हे नाकातोला ठाऊक आहे आणि मला. तो सिनेमा लावला की ती मला दारापाशीच थांबवते, आणि पुढचं नालोंगो सांगतात.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरातही कुणीतरी गप्प असेल. एखादं यंत्र असेल, एखादं जनावर असेल, एखादं माणूस असेल. ते कुरकुरत नाही म्हणजे त्याला काही होत नाही, असं धरून चालू नका. त्याचं कौतुक नंतर करा. आधी हात लावून बघा, किती तापलंय ते.

मी अजूनही भितो. दुपारी पत्रे तापले की मला ती हद्द दिसू लागते. पण पेज भरवून झाली की नालोंगो हात पुसतात, सालोंगोंच्या कपाळावर ठेवतात, मग तोच तळहात माझ्या पाठीवर टेकवतात. जरा गरम लागलं की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात. त्यांचा आवाज आम्हा दोघांनाही पुरतो.